पाणी शेवटी घालायचं

क्रीमच्या कुठल्याही डबीवरची घटकांची यादी वाचायला घेतली, की पहिला शब्द बहुधा ‘ॲक्वा’ असतो. म्हणजे साधं पाणी. आपल्याकडच्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे डबीच्या तोंडावर ज्या केशराचं चित्र आहे, ते केशर यादीत कितवं येतं हे शोधण्यात वेगळीच गंमत असते. बरेचदा ते पार तळाशी, सुगंधाच्या शेजारी सापडतं. वाचनालयांत, सोसायटीच्या सभागृहांत, सुट्टीतल्या छंदवर्गांत हल्ली तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी ‘घरच्या घरी स्पा’ची शिबिरं निघतात. लिप बाम, स्क्रब, बादलीत फसफसणारे गोळे, दिवाळी जवळ आली की उटणं. दोन तासांत तीन वस्तू हातात आणि बाटलीला रिबन, असा त्यांचा साचा असतो. त्यात वाईट काही नाही, पण त्या दोन तासांतून याहून बरंच काही निघू शकतं. त्यासाठी सगळं शिबिर एकाच प्रश्नाभोवती उभं करावं: यात पाणी कुठे आहे?

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. पाणी असेल तिथे जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि वाढतात ते डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी. म्हणूनच कंपन्या क्रीममध्ये फिनॉक्सीइथेनॉल किंवा पॅराबेनसारखी परिरक्षकं घालतात. ‘केमिकल नको’ म्हणून घरी केलेल्या कोरफडीच्या गरात ती नसतात, त्यामुळे तो फ्रिजमध्ये ठेवूनही थोडेच दिवस टिकतो. मुलांनी बनवलेली हिरवीगार डबी महिन्याभराने मावशीला भेट म्हणून जाते, तेव्हा आत काय पोसलेलं असेल याचा विचार कोणी केलेला नसतो. आता याच्या शेजारी उटणं ठेवून पाहा. मुलतानी माती, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, संत्र्याची वाळवलेली साल, गुलाबपाकळी; सगळं कोरडं, कुटून वस्त्रगाळ केलेलं. पाणी, दूध किंवा तेल त्यात पडतं ते नरक चतुर्दशीच्या पहाटे, तळहातावर, लावण्याच्या क्षणी. उरलेलं धुऊन टाकायचं. परिरक्षक न घालता वस्तू टिकवण्याचा हा पक्का उपाय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ज्यांनी तो चालवला त्यांनी जिवाणू हा शब्द ऐकलाही नसेल.

म्हणून शिबिरात वस्तू निवडताना कोरड्या आणि निव्वळ तेला-मेणाच्या आधी घ्याव्यात. लिप बाम त्यातला सर्वांत बोलका. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं, त्यामुळे नाशिक-पुण्याच्या थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. मधमाश्यांचं मेण मात्र ६२ ते ६४ अंशांपर्यंत घट्ट राहतं. पातेल्यात पाणी गरम करून त्यात वाटी ठेवावी, वाटीत एक भाग मेण आणि चार भाग खोबरेल घ्यावं, आणि वितळलेल्या मिश्रणाचा एक थेंब गार वाटीच्या पाठीवर टाकून बोटाने दाबून पाहावा. फारच मऊ वाटला तर चिमूटभर मेण आणखी. डिसेंबरात साताऱ्याला जे प्रमाण बरोबर बसलं, ते मे महिन्यात नागपूरला खिशात वितळेल. तिथे तीनास एक बरं. पदार्थाचं प्रमाण हवेवर ठरतं ही गोष्ट पुस्तकात चार पानं घेते, इथे ती एका थेंबात दिसते. फसफसत्या गोळ्यांचंही तसंच. दोन भाग खायचा सोडा, एक भाग सायट्रिक ॲसिड, चमचाभर तेल; पाणी लागताच ढोकळ्याला फुलवणारा तोच वायू सुटतो. मुंबईच्या जुलैत मात्र हवेतलं दमटपण एवढं असतं की गोळा साच्यातच फुगून बसतो. तो बिघडलेला गोळा फेकू नये, टेबलावर मधोमध ठेवावा. (आपल्या घरांत बाथटब नसतो, ही अडचण नाही. फुटबॉल खेळून आलेले पाय बुडवायला घमेलं पुरतं.) कॉस्टिक सोड्याचा साबण मात्र या वयाच्या शिबिरात नको. त्याने कातडी भाजते आणि डोळा जाऊ शकतो.

इथे पहिला आक्षेप येतो: घरगुती, नैसर्गिक वस्तूंनी कुणाचं काय बिघडणार? बिघडतं, आणि मुलांना नेमकं हेच सांगायला हवं. लिंबाच्या रसाची आम्लता त्वचेच्या सौम्य आम्लतेपेक्षा शेकडो पटींनी जास्त असते; शिवाय रस लागलेल्या त्वचेवर कडक ऊन पडलं तर फोड येतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. उटण्याच्या काही याद्यांत बावची असते. तिच्यातला सोरालेन हा घटक त्वचेला उन्हाबाबत इतका हळवा करतो, की कोडाच्या उपचारांत तो उन्हासोबत मुद्दाम वापरला जात आला आहे. ती औषधाची वस्तू आहे, शाळकरी चेहऱ्याची नव्हे. दालचिनीच्या तेलाने ओठ चुरचुरतात, साखरेच्या टोकदार कणांनी गाल ओरखडतात. साखरेचा स्क्रब हातापायांपुरताच ठेवावा. सुगंधी तेल एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या आतच राहू द्यावं. यातली प्रत्येक गोष्ट मुळात वनस्पतीतूनच आलेली. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी ही समजूत जाहिरातींनी जेवढी पसरवली, तेवढीच घरातल्या सल्ल्यांनीही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. या वयात आरशाचं वेड आधीच पुरेसं असतं, त्यात शिबिरं घेऊन भर कशाला? ही काळजी खोटी नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या आणि घराघरांत पोचलेल्या क्रीमला आपल्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढायला २०२० साल उजाडावं लागलं. आणि ‘उजळ कांती’चं आश्वासन उटण्याच्या पाकिटांवर आजही सर्रास छापलेलं असतं. पण शिबिर न घेतल्याने हे दडपण कमी होत नाही, मोबाइलच्या पडद्यावरून ते येतच राहतं. ज्या मुलीने स्वतः मेण-तेल वितळवून बाम केला, तिला आठशे रुपयांच्या नळीत काय असू शकतं याचा अंदाज येतो. एवढं मात्र आयोजकांनी पाळावं, की ‘गोरं’, ‘डागविरहित’, ‘ग्लो’ हे शब्द फलकावर आणि बोलण्यात येऊ देऊ नयेत, आणि मुलग्यांना मुद्दाम बोलवावं. टाचांच्या भेगा आणि फुटलेले ओठ मुलगा-मुलगी पाहून येत नाहीत. ‘ब्यूटी वर्कशॉप’ नाव दिलं की अर्धा वर्ग दाराबाहेरच राहतो.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा मोहाची. बनवलंच आहे, तर दिवाळीच्या स्टॉलवर विकूया, असं कोणीतरी म्हणतंच. सौंदर्यप्रसाधनं विक्रीसाठी तयार करायची तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम यांनुसार परवाना लागतो. मुलांच्या उत्साहावर विरजण घालणारी वाटली तरी ही अट योग्यच आहे. विकत घेणाऱ्याला डबीत काय आहे, ती कधी बनवली, कोणी बनवली हे कळायला हवं. शिबिरातल्या वस्तूवरही तेवढंच लिहावं: घटक उतरत्या क्रमाने, तारीख, आणि ‘ओला हात घालू नये’.

राहिला मुहूर्त. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहायची असते, खाज किंवा लाली आली तर ती वापरायची नाही. उटण्याचं शिबिर धनत्रयोदशीला ठेवलं तर हे पाहायला वेळच उरत नाही. ते वसुबारसेच्या आधीच्या रविवारी घ्या.