नकाशा फक्त रंगवायचा नाही, वाचायचा! संत तुकाराम नगरच्या मुलांसाठी वर्गात करता येतील असे ४ प्रयोग

मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेनं पाडले. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर ही कारवाई झाली. आयुष्यभराची कमाई घालण्याआधी नकाशावरची ती रेषा किती जणांनी पाहिली असेल? म्हणूनच नकाशावाचन हा फक्त भूगोलाच्या मार्कांचा प्रश्न नाही.

निळी आणि लाल रेषा म्हणजे काय?
सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो, ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते.

वर्गात काय करता येईल?

१. दिशा लावा: मेट्रो स्टेशनबाहेर मुंबई-पुणे रस्त्याकडे पाहा. पश्चिमेला आधी रेल्वेमार्ग, त्यापलीकडे पवना नदी. पूर्वेला वायसीएम रुग्णालय. आता कागदी नकाशा असा फिरवा, की या गोष्टी जागच्या जागी येतील. फोनमध्ये हे काम ॲप करतं, म्हणून आपल्याला ते जमेनासं होतं.

२. दोऱ्यानं मोजा: १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. घर ते शाळा या वळणदार रस्त्यावर दोरा ठेवा, मग तो पट्टीवर मोजा. दोरा ४ सेंटिमीटर भरला, तर अंतर २ किलोमीटर.

३. डोंगर कापा: घोरावडेश्वराच्या समोच्च रेषा पुठ्ठ्यावर उतरवा, प्रत्येक रेषा कापून थर एकावर एक चिकटवा. रेषा जवळजवळ असतील तिथं चढ तीव्र का, हे बोटांनाच कळतं.

४. पाणी शोधा: परिसरातले नाले, उतार, पावसात पाणी साचणाऱ्या जागा मुलांनी फिरून नोंदवायच्या. मग महापालिकेच्या विकास आराखड्यातल्या पूररेषांशी ताडून पाहायच्या. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच धडा 'क्षेत्रभेट' आहे. त्याला हा प्रयोग नेमका बसतो.

नकाशे कुठे मिळतात?
भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी केली, की १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मोफत डाउनलोड होतात. इस्रोचं 'भुवन' उपग्रह चित्रं दाखवतं. 'ओपन स्ट्रीट मॅप'वर मुलं स्वतः नोंदी घालू शकतात.

खर्च किती? झेरॉक्स, दोरा आणि जुने पुठ्ठे. पालकांनीही एक करावं: नवं घर पाहायला जाताना मुलांना सोबत न्या आणि पूररेषा कुठे आहे, हे त्यांनाच शोधायला सांगा.