दुसऱ्या पसंतीचे महाविद्यालय

आय.आय.टी.च्या प्रवेशपरीक्षेचा निकाल जून महिन्यात लागतो आणि त्यानंतरचे काही दिवस महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय घरांत एक प्रकारचे सुतकच पाळले जाते. मुलगा जेवता जेवता पानावरून उठतो, वडील वर्तमानपत्राचे तेच पान बराच वेळ समोर धरून बसतात, आणि शेजारच्या काकूंनी ‘काय झालं हो निकालाचं?’ असे विचारायला येऊ नये म्हणून आई दुपारीही दाराला कडी लावून घेते. दोन वर्षे, आणि शिकवणीवर्गांच्या कृपेने आता कित्येकदा आठवीपासूनची पाच वर्षे, ज्या एका नावाभोवती घराचा खर्च, सुट्ट्या, लग्नकार्यांना जाणे-न जाणे हे सारे फिरत आले, ते नाव एका सकाळी यादीतून वगळले जावे, हे दुःख खरे आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु या दुःखाच्या भरात पुढच्या तीन-चार आठवड्यांत जे निर्णय घेतले जातात, ते बहुधा त्या निकालापेक्षाही महाग पडतात, आणि त्यांच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आधी त्या नकाराचे स्वरूप पाहू. २०२४ साली जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड या परीक्षेला सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले. त्यांपैकी ४८,२४८ पात्र ठरले. आणि देशातील सर्व २३ आय.आय.टीं.मध्ये मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनीच ज्यांना लायक ठरवले, त्यांतील तीस हजारांहून अधिक मुलांना बसायला बाक नव्हता. येथे कोणी कोणाची योग्यता नाकारलेली नसते. जागा संपलेल्या असतात, एवढेच. शाळेने, आप्तांनी आणि दुर्दैवाने स्वतः त्या मुलानेही या अंकगणिताला नैतिक निवाड्याचे रूप द्यावे, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे.

माझा मुद्दा साधा आहे: पहिल्या पसंतीसाठी आपण वर्षे खर्ची घालतो आणि दुसऱ्या पसंतीसाठी एक दुपारही देत नाही, वस्तुतः शेकडा नव्वदांहून अधिक मुलांचे आयुष्य त्या दुसऱ्या, तिसऱ्या किंवा सातव्या नावाच्या संस्थेतच घडणार असते. जिथे चार वर्षे काढायची, त्या जागेची चौकशी भाड्याची खोली घेताना करतो तितकीही न करता, ‘आता काय, मिळेल ते’ या उद्गारावर अर्ज भरला जातो.

या बेफिकिरीची पहिली शिक्षा निकालाच्या आधीच झालेली असते, कारण पर्यायांच्या मुदती निकालाची वाट पाहत नाहीत. महाराष्ट्राची एम.एच.टी.-सी.ई.टी., पुण्यासह देशभरच्या आयसर संस्थांची स्वतंत्र चाचणी, भुवनेश्वरचे नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील मूलभूत विज्ञानाचे केंद्र यांसाठी होणारी नेस्ट परीक्षा, या सर्वांचे अर्ज त्या निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात. आणि ज्याने ‘आपल्याला काय करायचे आहे त्याचे’ म्हणून अर्जच केला नाही, त्याच्यापुढे जूनमध्ये पर्याय नावाची वस्तूच उरत नाही. सी.ई.टी.ला बसणारी आय.आय.टी.ची उमेदवार मुले आणखी एक गफलत करतात. ही परीक्षा सोपी म्हणून ती तिची तयारी करीत नाहीत. पण तिची सारी कसोटी वेगाची आहे, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत आणि सुमारे चार-पंचमांश प्रश्न राज्य मंडळाच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर बेतलेले असतात. अवघड गणित सोडविण्यात मुरलेली बुद्धी येथे एकेका प्रश्नावर रेंगाळते आणि मागे पडते.

आता प्रश्न येतो की, पवईच्या आय.आय.टी.चे दार बंद झाले तर या राज्यात पाहण्याजोगे आहे तरी काय? ज्यांना असे वाटते, त्यांनी थोडा इतिहास चाळावा. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, ज्याला सारे सीओईपी म्हणतात, त्याची सुरुवात १८५४ सालची, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही आधीची. विश्वेश्वरय्यांसारख्या अभियंत्याने तेथेच शिक्षण घेतले. मुंबईतील, आता माटुंग्याला असलेली व्हीजेटीआय १८८७ ची. अणुशक्ती आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर तेथील पदवीधर. तिच्या शेजारची, यूडीसीटी या जुन्या नावाने अजूनही ओळखली जाणारी रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ ची, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे विद्यार्थी. नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९४२ मध्ये एका दानशूर उद्योजकाच्या मृत्युपत्रातील देणगीतून झाली. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराड व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय महाविद्यालये १९६० ची, अमरावतीचे १९६४ चे, नांदेडची श्री गुरुगोविंदसिंहजी संस्था १९८१ ची. यांतील काही संस्थांत शासकीय शुल्क खाजगी महाविद्यालयांच्या मानाने इतके कमी आहे की, दोहोंतील चार वर्षांचा फरक एखाद्या निमशहरी कुटुंबाच्या कर्जाइतका भरतो. तरीही पुण्या-मुंबईच्या उपनगरातील काचेच्या दर्शनी इमारतीला कराडहून अधिक पसंती मिळते, ही गोष्ट मला कधी उमगलेली नाही.

प्रवेशाचा सारा व्यवहार केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’च्या फेऱ्यांतून होतो, आणि येथील खरा दस्तऐवज म्हणजे मागील वर्षांच्या कट-ऑफच्या याद्या. त्या उघडल्या की प्रथम घेरी येते: प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक शाखेखाली जीओपनएस, एलओपनएच, जीओबीसीओ असल्या अक्षरांचे रकाने आणि त्यांखाली दोन-दोन आकडे. पण उकल सोपी आहे. पहिले अक्षर ‘जी’ असेल तर जागा सर्वसाधारण, ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. आणि शेवटचे अक्षर सांगते की जागा विद्यापीठ-क्षेत्रातील विद्यार्थ्याची, क्षेत्राबाहेरच्याची की राज्यस्तरावरील आहे. वरचा आकडा गुणवत्ता क्रमांकाचा, कंसातला पर्सेंटाइलचा. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. पंच्याण्णव पर्सेंटाइल याचा अर्थ शंभर उमेदवारांपैकी पंच्याण्णव जण आपल्या बरोबरीचे वा खालचे आहेत, मग गुण कितीही असोत. या याद्या वाचताना एकाच वर्षाच्या पहिल्या फेरीवर विसंबू नये. लागोपाठ तीन वर्षांच्या शेवटच्या फेरीचे क्रमांक मांडले की, आपल्याला वाटत होते त्याहून बरीच वरची नावे आवाक्यात असल्याचे ध्यानात येते. केंद्रीय संस्थांसाठी, म्हणजे एन.आय.टी. व ट्रिपल आय.टी.साठी, जोसा या संयुक्त जागावाटप यंत्रणेच्या प्रवेशफेऱ्यांचे आरंभ व अखेरचे क्रमांकही असेच प्रसिद्ध होतात; आणि त्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी सीसॅब या केंद्रीय जागावाटप मंडळाच्या विशेष फेऱ्या होतात, ज्यांची वार्ता निराशेत बुडालेल्या घरांपर्यंत पोहोचतच नाही.

मग पसंतीक्रमाचा तक्ता. त्याबाबत गावोगावचे सल्लागार एक विलक्षण शास्त्र सांगतात: आवाक्याबाहेरचे नाव वर टाकू नका, नाहीतर खालचेही हातचे जाईल. हे निखालस चूक आहे. वाटप गुणवत्ताक्रमाने चालते. आपली पाळी आली की, आपल्या यादीत वरून खाली पाहत जे पहिले शिल्लक सापडेल ते मिळते. वरच्या दहा नावांत काही शिल्लक नसले, तर अकराव्या नावावरचा आपला हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून यादी खऱ्या इच्छेच्या क्रमाने लिहावी, आणि लांब लिहावी. सावधगिरी एकाच ठिकाणी हवी: अलीकडच्या नियमांनुसार पहिल्याच फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती बंधनकारक होते, आणि पुढल्या फेऱ्यांत हे बंधन वरच्या आणखी काही पर्यायांना लागू होते, तेव्हा जेथे जायचेच नाही असे नाव केवळ प्रतिष्ठेसाठी शिरोभागी लिहिणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःवर हुकूमनामा काढण्यासारखे आहे. नियम दरसाल बदलतात. माहितीपुस्तिका मात्र शंभरांत पाच घरांतही पूर्ण वाचली जात नसावी.

त्याच पुस्तिकेत शिक्षण शुल्कमाफी योजनेच्या जागा दिलेल्या असतात. प्रत्येक शाखेत मंजूर संख्येवर पाच टक्के जागा वाढीव असतात, त्या आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना गुणवत्तेवर मिळतात, आणि यादीत त्यांचा संकेतांक वेगळा टाकावा लागतो. तो टाकायचा राहिला तर अर्जदार कितीही गुणी असो, सवलत मिळत नाही. असेच दाखल्यांचे. तहसील कचेरीतून मिळणारे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, जात पडताळणी समितीचा निर्णय, अधिवासाचा दाखला, यांतील एखादा कागद मुदतीत रुजू झाला नाही म्हणून राखीव जागेवरचा हक्क गमावून खुल्या प्रवर्गात ढकलली गेलेली मुले दरसाल दिसतात. त्यांचे इच्छित महाविद्यालय त्यांच्या बुद्धीने घालवलेले नसते. ते मे महिन्यातल्या उन्हात कचेरीची एक खेप टाळल्यामुळे गेलेले असते.

यादी तयार झाली की, तिच्यातील पहिली पाच-सहा ठिकाणे प्रत्यक्ष पाहून यावीत, आणि जाताना स्वागतकक्षातील रंगीत पुस्तिका बाजूला ठेवून थेट कार्यशाळेत जावे. लेथ यंत्रावर तेलाचे ओघळ आणि खाली धातूचे ताजे कीस दिसले, तर तेथे मुले काम करतात असे समजावे. यंत्रावर प्लॅस्टिकचे आच्छादन आणि त्यावर धूळ असेल, तर ते तपासणी समितीसाठी राखून ठेवले आहे असे समजावे. ग्रंथालयात शेल्फावरचे एखादे पाठ्यपुस्तक काढून त्याच्या मागच्या पानावरील तारखांचे शिक्के पाहावेत. चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे: ‘सर तास घेतात का? किती जणांची जागा यंदा रिकामी आहे?’ प्राध्यापकांची पदे भरलेली आहेत की तासिका तत्त्वावर काम चालले आहे, हा एक प्रश्न दहा जाहिरातींना पुरून उरतो.

नोकऱ्यांच्या आकड्यांबाबत तर फारच सावध असावे. फलकावर जे वार्षिक वेतन झळकते, ते एका भाग्यवान विद्यार्थ्याचे असते. बाकीच्यांचे काय झाले, ते फलक सांगत नाही. मात्र राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपल्या माहितीचा तपशील आपल्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो, आणि त्यात किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना काम मिळाले आणि त्यांच्या वेतनाचा मध्यम आकडा काय, हे नोंदलेले असते. एन.बी.ए. या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचे मूल्यांकन शाखेला मिळते, संपूर्ण महाविद्यालयाला नव्हे, हेही ध्यानात असावे. यंत्र अभियांत्रिकीला मिळालेले प्रमाणपत्र संगणकाच्या वर्गावर टांगण्याची चलाखी अनेक ठिकाणी दिसते.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी काय, हा प्रश्न प्रत्येक घरात उठतो. ॲडव्हान्स्ड परीक्षेला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी असतात, तेव्हा थांबायचे तर ते एकदाच. ज्याचे अपयश आजारपणाचे, घरातील एखाद्या संकटाचे किंवा थोडक्या गुणांचे आहे, त्याने थांबण्यास हरकत नाही. परंतु ज्याला दोन वर्षांत त्या विषयांची गोडीच लागली नाही, त्याला तिसऱ्या वर्षी ती लागेल हा भरवसा बापाच्या मनातला असतो, मुलाच्या नव्हे. विज्ञानाची ओढ असूनही केवळ रिवाज म्हणून अभियांत्रिकीच्या रांगेत उभी राहिलेली मुले तर फार. वेंकटरामन रामकृष्णन यांना आय.आय.टी.तही प्रवेश मिळाला नाही आणि वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही नाही. त्यांनी गायकवाडांच्या बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि २००९ साली रायबोसोमच्या रचनेवरील संशोधनासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे उदाहरण सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण नोबेलचे दाखले देऊन मुलांवर नवे ओझे लादणे हीही आपली एक आवडती क्रीडा आहे. त्यातला घेण्याजोगा भाग इतकाच की, बी.एस्सी. ही पराभूतांची पदवी नाही.

शिवाय आज बंद झालेले दार पुढे दुसऱ्या बाजूने उघडते. अभियांत्रिकीनंतर गेट परीक्षेतून आणि बी.एस्सी.नंतर जॅम परीक्षेतून त्याच आय.आय.टीं.त पदव्युत्तर शिक्षणाला जाता येते, आणि तेथे बारावीनंतर तुम्ही कोठे होता याची चौकशी कोणी करीत नाही. आय.आय.टी. मद्रासने तर २०२० साली जे.ई.ई.शिवाय प्रवेश देणारा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. इतरत्र शिकता शिकता तोही करणारे विद्यार्थी आहेत.

पालकांना एकच विनंती. पुढच्या फेरीत अधिक चांगली जागा मिळाली, तर आधीच्या महाविद्यालयात भरलेले पैसे बुडतील या धास्तीने ती सोडू नका. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांप्रमाणे ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केल्यास एक हजार रुपयांहून अधिक रक्कम कापण्याचा, किंवा विद्यार्थ्याचे मूळ दाखले अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेला नाही. काउंटरवरचा कारकून काही निराळे सांगू लागला, तर त्याच्याकडून ते लेखी मागा.