हिवाळा आणि मोटारीचे टायर

शिकागोजवळील बार्टलेटच्या जिनमंदिरात जानेवारीत सहकुटुंब दर्शनास जाणाऱ्यांनी टायर एकदा निरखून पाहावेत. स्पोर्ट्स सेडानला पुष्कळदा उन्हाळी टायर असतात. पारा सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली उतरला की त्यांचे रबर कडक होते, पकड घटते. ‘ऑल-सीझन’ हे नावही काहीसे फसवेच. केवळ ‘एम+एस’ ही अक्षरे पुरेशी नाहीत. तीन शिखरांच्या पर्वतातील हिमकणाचे चिन्ह शोधावे. ते बर्फावरील चाचणीनंतरच मिळते. मात्र ती चाचणी वेग घेण्याची, थांबण्याची नव्हे! बर्फ नित्याचा असेल, तर खास हिवाळी टायरच घ्यावेत आणि चारही एकदम बदलावेत. पुढचे दोनच बदलल्यास वळणावर गाडीची मागची बाजू घसरू शकते.