आग्रा रोडचं दुसरं टोक

द्वारका चौकातून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता तुमच्या रोजच्या पाहण्यातला. एकीकडे मुंबई, दुसरीकडे धुळ्यावरून थेट इंदूर. भौतिकशास्त्राची आवड असणाऱ्यांनी ही दोन्ही गावं लक्षात ठेवावीत. का, ते सांगते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी यंदा बारावी झाली. तिला बी.एस्सी. करायचंय. आई मला भेटायला आली. म्हणाली, "बाई, फिजिक्स शिकून पुढे काय? शिकवण्याच घ्यायच्या ना?" प्रश्न काही चुकीचा नाही. घरात कमावणारा एकच असला की तो पडतोच.

मी तिला इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राबद्दल सांगितलं. तिथे 'इंडस-२' नावाचा कणवेगवर्धक आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनला पळवणारं यंत्र. झोका नेमक्या वेळी ढकलला की उंच जातो ना? तसे इलेक्ट्रॉनला विजेचे धक्के मिळतात. चुंबक त्याला वळवतात. नळीतली हवा काढून टाकलेली असते, नाहीतर बिचारा वाटेतच आपटेल! आणि तो एकदम मोठ्या यंत्रात जात नाही बरं का. आधी छोटा मायक्रोट्रॉन, मग बूस्टर, मग इंडस-२. बालवाडी, शाळा, कॉलेज! इंडस-२ चा घेर १७२.५ मीटर, इलेक्ट्रॉन तिथे सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या मारतो. वळताना त्यातून क्ष-किरण निघतात. ते वापरून धातूंमधली, प्रथिनांमधली अणूंची रचना कळते. कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडणारं इस्पितळातलं यंत्रही याच घराण्यातलं, फक्त धाकटं.

ही यंत्रं बांधायला आणि सांभाळायला माणसं कुठून आणायची? डॉ. होमी भाभांनी ती इथेच घडवायचं ठरवलं. मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राची (आजचं भाभा अणुसंशोधन केंद्र) प्रशिक्षण शाळा १९५७ साली सुरू झाली. पुढे इंदूरलाही तिची शाखा निघाली.

पालकांनो, इथे नुसती बी.एस्सी. चालत नाही. एम.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची पदवी हवी, गुण किमान ६० टक्के. मग परीक्षा आणि मुलाखत. चुरस भारी असते, हे लपवत नाही. पण निवड झाली की वर्षभर शिकताना उलट विद्यार्थ्यालाच दरमहा विद्यावेतन मिळतं. नीट उत्तीर्ण झाल्यावर वैज्ञानिक अधिकाऱ्याची नोकरी. मात्र काही वर्षं तिथे काम करण्याचं लिहून द्यावं लागतं.

हे सगळं मी कागदावर लिहून दिलं. आईने दोनदा वाचलं.

"मुलींना घेतात ना?"

"घेतात की!"

"मग बरं. इंदूरला माझी मावशी असते."