रापलेली त्वचा आणि तिची छत्री

शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं युरोपांत उन्हानें रापलेला चेहरा हें शेतांत राबणाऱ्याचें लक्षण समजलें जाई, आणि घरंदाज स्त्रिया छत्री व हातमोजे घेतल्यावांचून घराबाहेर पडत नसत. पुढें वारें फिरलें. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार शोधून काढल्याबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९१९ सालीं बर्लिनमध्यें हुल्डशिन्स्की यांनीं मुडदूस झालेलीं मुलें कृत्रिम अतिनील प्रकाशानें बरीं केलीं. ऊन म्हणजे औषध, हा समज दृढ झाला. आणि औषधाचा शौक व्हावयास वेळ लागला नाहीं. मजूर आतां कारखान्याच्या छपराखालीं फिकट पडूं लागला होता. त्यामुळें रापलेला रंग ही समुद्रकिनारीं सुट्टी घालविण्याइतकी ऐपत असल्याची खूण ठरली.

इकडे महाराष्ट्रांत उपवर मुलीला मात्र "उन्हांत जाऊं नकोस, काळी होशील" असें बजावण्यांत येई, अजूनहि येतें. तिकडे रंग विकत घेतात, इकडे तो घालविण्यासाठीं पैसे मोजतात. पण हा रंग त्वचेला हवा तरी कशासाठीं, असें दोघांपैकीं कोणी विचारलेलें दिसत नाहीं.

उन्हांतील अदृश्य अशा अतिनील किरणांपैकीं दोन वर्ग जमिनीपर्यंत पोंचतात. त्यांतील 'ब' वर्गाचे किरण त्वचेच्या वरच्या थरांतच बहुतांशीं शोषले जातात. पण तेथील पेशींच्या केंद्रकांत आनुवंशिक द्रव्याची जी सांखळी असते, तिचे दुवे ते भलतेच जोडून टाकतात. ही इजा झाली कीं पेशी रासायनिक संदेश सोडते. तो मिळतांच शेजारच्या रंजकपेशी मेलॅनिन नांवाचें काळपट द्रव्य अधिक करूं लागतात आणि त्याच्या सूक्ष्म पुड्या आसपासच्या पेशींना वांटतात. प्रत्येक पेशी त्या पुड्या आपल्या केंद्रकाच्या माथ्यावर, सूर्याकडील बाजूस, छत्रीसारख्या रचून ठेवते. ह्या खटाटोपास दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर उघडलेली ही छत्री; भिजायचें तें आधींच भिजून झालेलें असतें. शिवाय ती फार विरळ असते.

जन्मतः सांवळ्या त्वचेची छत्री पुष्कळ दाट. भारतांत त्वचेचा कर्करोग विरळा आहे, याचें मोठें श्रेय तिलाच आहे. तथापि ती अभेद्य नव्हे. 'अ' वर्गाचे किरण खोलवर शिरून त्वचेला ताठ ठेवणारे तंतू मोडतात, आणि ते खिडकीच्या कांचेंतूनहि आंत येतात. अमेरिकेंत २८ वर्षें मालमोटार हांकलेल्या एका गृहस्थाचें छायाचित्र २०१२ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. खिडकीकडील डावा गाल सुरकुत्यांनीं भरलेला. उजवा त्या मानानें तरुण! भारतांत चालक उजवीकडे बसतो, एवढाच फरक.

दाट छत्रीवांचून प्रखर उन्हांत राहिल्यास काय होतें, तें ऑस्ट्रेलियांत दिसून आलें. ब्रिटनच्या मंद उन्हांतून आलेल्या गोऱ्या लोकांच्या त्या देशांत आज तिघांपैकीं दोघांना सत्तरीच्या आंत त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो. सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा, असें एका नाचऱ्या समुद्रपक्ष्याच्या तोंडून सांगणारी मोहीम तेथें १९८१ सालीं सुरू झाली. कित्येक शाळांत टोपी विसरलेल्या मुलाला मधल्या सुट्टींत सावलींतच खेळावें लागतें. मेलबर्नमधील मराठी मुलांचीहि यांतून सुटका नाहीं. रापण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या विद्युत्-शय्या तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००९ सालीं तंबाखूच्याच वर्गांत बसविल्या.

श्रोत्यांना घड्याळावांचून कळेल अशी एक खूण आहे. आपली सावली आपल्याहून आंखूड असेल तेव्हां ऊन तीव्र समजावें. अशा वेळीं घट्ट विणीचें, गडद रंगाचें कापड, रुंद कांठाची टोपी किंवा छत्री हें पहिलें संरक्षण, मलम त्यानंतरचें. मलमावरील ३० ह्या आंकड्याचा अर्थ असा कीं, 'ब' किरणांचा तिसावा हिस्साच त्वचेपर्यंत पोंचतो. ५० आंकड्याचें मलम ९७ टक्क्यांऐवजीं ९८ टक्के अडवितें, इतकेंच. मात्र हा हिशोब जाड थराचा आहे, आणि बहुतेक लोक बोटभर मलम तोंडभर पसरतात. घामानें तें जातें, म्हणून बाहेर असतांना दर दोन तासांनीं पुन्हां लावावें लागतें.

पण ऊन अजिबात टाळणें हाहि उपाय नव्हे. 'ड' जीवनसत्त्व त्वचेंत तयार होतें तें ह्याच 'ब' किरणांमुळें, आणि सांवळ्या त्वचेची छत्री दाट असल्यामुळें तिला त्यासाठीं गोऱ्या त्वचेपेक्षां अधिक वेळ लागतो. सकाळच्या कोवळ्या उन्हावर घरोघरीं मोठी श्रद्धा असते. पण सूर्य क्षितिजाजवळ असतां 'ब' किरण वातावरणांतच अडतात. तेव्हां दिवसभर घरांत किंवा कचेरींत बसणाऱ्यांनीं सूर्य वर आल्यावर थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून उन्हांत जावें आणि त्वचा लाल होण्याच्या पुष्कळ आधीं सावलींत परत यावें.