सवलतीचे फटके

गोल्फ म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतो तो खर्च, मग हिरवळ, आणि खेळ आठवलाच तर सर्वांत शेवटी. आपण क्रिकेटचे भक्त. त्यातून बडोद्याचे, म्हणजे मोतीबागेच्या सावलीत वाढलेले. तरीही मोतीबागेच्या शेजारीच, सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, १९३० च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान तयार झाले. पुढे १९९० च्या दशकात समरजितसिंह गायकवाड यांनी त्याचे नूतनीकरण करून ते सर्वांसाठी खुले केले. सकाळचा राउंड आणि संध्याकाळची ओपीडी अशी सांगड घालणारे आमच्यासारखे काही डॉक्टर तेथेच या खेळाच्या नादी लागले.

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा ‘व्यवसायाबाहेरचे काही’ लिहावयास सांगितले. म्हणून २०२४ च्या जानेवारीत आम्ही चौघांनी ज्या सांघिक हौशी स्पर्धेत भाग घेतला, तिच्याविषयी लिहितो. खरे तर स्पर्धेपेक्षा तिच्या प्रवेशपत्रिकेविषयीच अधिक लिहावेसे वाटते. आमचा खरा सामना त्या एका कागदाशीच झाला.

पत्रिका साधी होती. चार खेळाडूंचा संघ. अठरा होल. प्रत्येक होलवर चौघांपैकी उत्तम दोघांचे गुण धरावयाचे. गुण ‘स्टेबलफर्ड’ पद्धतीने. आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना : हँडिकॅप, प्रमाणपत्रासह.

स्टेबलफर्ड हे नाव वाचून पुढे जाऊ नये, कारण हा मनुष्य आपल्यातलाच होता. डॉ. फ्रँक बार्नी गॉर्टन स्टेबलफर्ड हे शल्यचिकित्सक. पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात सेवा केली होती. गोल्फमध्ये मुळात सगळे फटके मोजतात आणि ज्याचे कमी तो जिंकतो. त्यामुळे मध्यम प्रतीच्या खेळाडूने दुसऱ्याच होलवर दहा-अकरा फटके घेतले की त्याची सकाळ तेथेच संपते. उरलेले सोळा होल तो केवळ चालतो. डॉक्टरांना हे बघवले नाही. १८९८ साली त्यांनी वेल्समधील ग्लॅमरगनशायर क्लबमध्ये गुणांची एक पद्धत करून पाहिली आणि पुढे १६ मे १९३२ रोजी लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबमध्ये तिचे आजचे रूप प्रथम खेळले गेले. सवलत वजा जाता पारइतके फटके झाले तर दोन गुण, एक कमी झाल्यास तीन, एक जास्त झाल्यास एक, आणि त्याहून वाईट कितीही झाले तरी शून्य. म्हणजे एका होलवरचा अनर्थ त्या होलपुरताच राहतो. जखम जेथे आहे तेथेच बांधून रुग्णाला पुढे चालवावे, ही शल्यचिकित्सकाचीच बुद्धी म्हणावी लागेल.

आता ती सवलत, म्हणजे हँडिकॅप. या शब्दाचा उगम टोपीत हात घालून खेळल्या जाणाऱ्या सतराव्या शतकातील एका इंग्रजी अदलाबदलीच्या खेळात आहे. दोन वस्तूंच्या किमतीतला फरक तिसरा मनुष्य ठरवी आणि तो भरून काढला की सौदा समान होई. पुढे घोड्यांच्या शर्यतीत चांगल्या घोड्यावर जादा वजन लादण्यास हे नाव मिळाले. गोल्फने तत्त्व तेच ठेवले, पण बलवानावर ओझे लादण्याऐवजी दुर्बलाला फटके बहाल केले. त्यामुळे बावीस वर्षांचा तरुण आणि पंचाहत्तरीचा आजोबा एकाच दिवशी, एकाच मैदानावर एकमेकांशी खरोखरीची स्पर्धा करू शकतात. दुसऱ्या कोणत्या खेळात हे इतक्या सरळपणे साधते, मला ठाऊक नाही.

पूर्वी निरनिराळ्या देशांत मिळून हँडिकॅपच्या सहा प्रमुख पद्धती होत्या. २०२० पासून त्यांच्या जागी एकच जागतिक पद्धत आली. तिचे गणित वरवर क्लिष्ट दिसते, पण आपल्या वाचकांना ते जड जाऊ नये. प्रत्येक मैदानाला दोन आकडे असतात. निष्णात खेळाडूला तेथे किती फटके लागावेत तो एक, आणि सामान्य खेळाडूला ते त्यामानाने किती अवघड जाईल तो दुसरा. या दुसऱ्याला ‘स्लोप’ म्हणतात. तो ५५ पासून १५५ पर्यंत असतो आणि ११३ हे प्रमाण मानले जाते. आपण खेळलेला प्रत्येक राउंड या दोन आकड्यांच्या चाळणीतून काढला की त्याचे मोल कळते. शेवटच्या वीस राउंडांपैकी उत्तम आठांची सरासरी, तो आपला निर्देशांक. जास्तीत जास्त ५४.

सरासरी विसांची का नाही, असे मला सुरुवातीस वाटले होते. उत्तर माझ्याच टेबलावर होते. दम्याच्या रुग्णाला आपण पीक फ्लो मीटरमध्ये तीनदा फुंकावयास लावतो आणि तिन्हींची सरासरी न घेता सर्वांत मोठा आकडा लिहितो. आपल्याला हवी असते ती फुफ्फुसांची क्षमता, त्या दिवशीचा कंटाळा नव्हे. हँडिकॅपही तसाच : तुम्ही नेहमी कसे खेळता हे तो सांगत नाही, चांगल्या दिवशी कसे खेळू शकता हे सांगतो. म्हणूनच बहुतेक दिवशी आपण आपल्या हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळतो.

एक उदाहरण देतो. निर्देशांक २४, मैदानाचा स्लोप १२०, आणि पार व निष्णाताचा आकडा सारखाच. २४ ला १२० ने गुणून ११३ ने भागले की साधारण साडेपंचवीस येतात. चौघांपैकी दोघांचे गुण धरणाऱ्या स्पर्धेत त्याचे ८५ टक्के देण्याची शिफारस आहे, म्हणजे २२ फटके. त्यांतला एकेक अठराही होलवर आणि उरलेले चार सर्वांत अवघड चार होलवर आणखी एकेक. ही कपात का? चौघांतून उत्तम दोघे निवडावयाचे असल्यास ज्यांच्या खेळात चढउतार मोठा त्या संघाचा आपोआप फायदा होतो, आणि चढउतार मोठा असतो तो मोठ्या हँडिकॅपवाल्यांचा. पंधरा टक्के कापून तो तोल सावरतात.

आमच्या संघात एक अस्थिरोगतज्ज्ञ, निर्देशांक नऊच्या आसपास. एक भूलतज्ज्ञ बाई, त्यांचा सव्वीस. मी फिजिशियन, माझा आकडा तिशीच्या पलीकडचा, तो येथे छापण्याची गरज नाही. आणि चौथे आमचे काका. काका म्हणजे शहरातील दोन पिढ्यांच्या सर्जनांचे गुरू. इंग्लंडमध्ये एफआरसीएस करताना गोल्फ शिकले आणि परत आल्यावरही त्यांनी ते सोडले नाही. वय तेव्हा शहात्तर.

पत्रिका मी भरत होतो. काकांच्या रकान्याशी थांबलो.

“अकरा लिही,” काका म्हणाले.

“काका, तो १९९८ सालचा आकडा आहे.”

“मग? मी तोच माणूस आहे.”

हे ऐकून कोणी हसले नाही. सहा वर्षांपूर्वी काकांच्या उजव्या हाताला सूक्ष्म कंप जाणवू लागला होता. तो दुसऱ्या कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी त्यांनी स्वतःच शस्त्रक्रिया थांबवल्या. कोणाला सांगावे लागले नाही, निरोप समारंभही त्यांनी होऊ दिला नाही. टेबलावर दुसऱ्याचे पोट उघडे असताना जो मनुष्य स्वतःविषयी इतका निर्दय होऊ शकला, तोच गोल्फच्या अकरा या आकड्याला घट्ट धरून बसला होता. शिवाय शब्दही असा, की आमच्या पिढीने तो सरकारी दाखल्यांवर अपंगत्वाच्या अर्थाने वर्षानुवर्षे लिहिला. पंचवीसचा हँडिकॅप म्हणजे पंचवीस टक्के काहीतरी गेले, असे काकांच्या मनात नसेलच असे मला म्हणवत नाही.

आपल्या व्यवसायात खोटे दाखले मागणारे दोन प्रकारचे लोक येतात. एकाला रजा हवी असते, तो नसलेला आजार मागतो. दुसऱ्याला विमा हवा असतो, तो असलेला आजार लपवतो. गोल्फमध्येही हेच दोन रुग्ण आहेत. पहिला मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवतो आणि बक्षिसाच्या दिवशी अचानक बरा होतो. त्याला सगळे शिव्या देतात. दुसरा जुना, लहान आकडा मिरवतो. त्याचा कोणाला राग येत नाही, कारण तो स्वतःचेच नुकसान करतो. पण सांघिक स्पर्धेत हे खरे नाही. अकरावर काकांना जेमतेम नऊ-दहा फटके मिळणार. त्यांच्या आजच्या खेळाला ते पुरणार नाहीत, होलमागून होल शून्य येणार, आणि चौघांचा संघ प्रत्यक्षात तिघांचा होणार.

हे काकांना सांगावे कोणी? अस्थिरोगतज्ज्ञ त्यांचा विद्यार्थी. मी त्यांच्यासमोर आजही खुर्चीच्या कडेवर बसतो. शेवटी बोलल्या त्या भूलतज्ज्ञ बाई. काकांबरोबर त्यांनी वीसेक वर्षे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला काढली होती.

“काका, तुमच्या टेबलावर साठीचा रुग्ण चाळीशीचा म्हणून लिहून आला असता, तर मी डोस कसा ठरवला असता?”

काका बराच वेळ पत्रिकेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “किती कार्डे लागतात?”

तीन. निर्देशांक नव्याने काढावयाचा तर ५४ होलची नोंद पुरते. राउंड बरोबर खेळणाऱ्याने मोजून प्रत्येक कार्डावर सही करावी लागते. पहिल्या कार्डांत कोणत्याही होलवर पारपेक्षा पाचांहून अधिक फटके धरत नाहीत, ही एक दया. तीन कार्डे झाली की सर्वांत चांगल्यातून आणखी दोन वजा करतात, कारण नवख्याची क्षमता तीन राउंडांत पुरती दिसत नाही, असे गृहीत धरलेले आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उघडिपीत काका तीन सकाळी खेळले आणि मी मोजले. पटर धरताना कंप सर्वांत जास्त दिसे. फूटभराचा चेंडू दोनदा हुकला, तेव्हा मी चटकन कॅडीकडे पाहू लागलो. काका म्हणाले, “सात लिही. सहा नव्हे, सात.” शस्त्रक्रियांच्या त्यांच्या वहीत मृत्यूंच्या नोंदीही याच अक्षरात असत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

निर्देशांक आला २५.३.

जानेवारीतल्या त्या दिवसाचे सविस्तर वर्णन करत नाही. गोल्फच्या राउंडचे वर्णन दुसऱ्याच्या स्वप्नासारखे असते, सांगणाऱ्यालाच गोड. पण सोळावा होल सांगितलाच पाहिजे. पार चार, तिसऱ्या क्रमांकाचा अवघड. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी पहिलाच चेंडू पाण्यात घातला, दुसराही त्याच्या सोबतीला पाठवला. मी वाळूत. बाई कशाबशा पाच फटक्यांत पोहोचल्या. काका लाकडी क्लबने लहान, सरळ फटके मारत, न बोलता चालत राहिले आणि सहाव्या फटक्यात चेंडू भोकात गेला. अवघड होल म्हणून त्यांना तेथे दोन फटक्यांची सवलत होती. सहातून दोन गेले, पार झाला, दोन गुण. बाईंचे आणि काकांचे मिळून त्या होलवर संघाचे गुण झाले. अस्थिरोगतज्ज्ञांनी गुरूंच्या पाठीवर थाप मारली. असे धाडस त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये कधी केले नसते.

चोवीस संघांत आम्ही नववे आलो, ७९ गुण. प्रत्येक होलवर दोघांनी सवलतीसह पार साधला तर ७२ होतात, तेव्हा हे वाईट नाही. पहिल्या संघाचे ९३ झाले. त्यांच्यात अठ्ठावीस हँडिकॅपचे एक गृहस्थ होते, ज्यांचे फटके अडीचशे यार्ड सरळ जात होते. कुजबुज झाली, पण आयोजकांनी चषक देऊन टाकला. प्रायोजकांचे कोणी त्या संघात असल्याचे नंतर कळले. नव्या पद्धतीत यावर औषध आहे. निर्देशांकापेक्षा सात किंवा अधिक फटके चांगला राउंड नोंदला गेला की निर्देशांक आपोआप एकाने खाली येतो, दहा किंवा अधिक असल्यास दोनांनी. शिवाय क्लबच्या समितीला आकडा बदलण्याचा अधिकारही असतो. पण त्यासाठी कार्ड नोंदले जावे लागते, आणि समितीला नाराजी पत्करावी लागते. माझ्या मते स्पर्धेच्या आयोजकांनी केवळ प्रमाणपत्र मागू नये, मागील वीस राउंडांची यादीच मागवावी. ज्याची सगळी वाईट कार्डे स्पर्धेच्या आदल्या दोन महिन्यांतली आहेत, तो दुरूनही ओळखू येतो.

गोल्फमध्ये अठरा होलनंतर एकोणिसावा असतो, म्हणजे बार. गुजरातेत हा होल ताकाच्या ग्लासावर संपतो. परतताना बडोद्यात शिरल्यावर आम्ही सेव-उसळ खाल्ली, आणि काकांनी तेथेच कागदी रुमालावर अठरा होलांचे गुण पुन्हा तपासून एका ठिकाणी आयोजकांची बेरीज चुकल्याचे दाखवून दिले. चूक आमच्या बाजूची होती. आमचे ७८ हवे होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी तसे कळवले. आम्ही नववेच राहिलो.

त्यानंतर काकांची वीस कार्डे पूर्ण झाली असून आकडा २४.१ वर आला आहे. कंप तसाच आहे, पटर मात्र त्यांनी लांब दांड्याचा घेतला. भूलतज्ज्ञ बाई मुलीकडे कॅनडाला जात असल्याने येत्या हंगामात संघात एक जागा रिकामी होईल. मंडळाच्या सभासदांपैकी कोणास यावयाचे असल्यास जरूर कळवावे. वयाची व हँडिकॅपची अट नाही. सही केलेली तीन कार्डे मात्र लागतील, आणि ती काका स्वतः तपासणार आहेत.