दिव्याचा रंग

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत रात्री लातूरला निघावे, आणि समोरून निळसर पांढऱ्या दिव्यांची मोटार यावी. क्षणभर रस्ताच नाहीसा होतो. ऊसतोडीच्या दिवसांत त्याच क्षणी पुढे मागचा दिवा नसलेली ट्रॉली असू शकते! दुकानदार ६००० केल्विनचा दिवा ‘जास्त उजेडाचा’ म्हणून पुढे करतो. परंतु केल्विन हे रंगाचे माप. उजेड मोजावयाचा ल्युमेनमध्ये. साधा हॅलोजन ३२०० च्या आसपास, पिवळट. आकडा चढतो तसा प्रकाश निळा होतो, आणि गंमत अशी की, त्यालाच आपण शीतल म्हणतो! फ्रान्सने १९३६ साली पिवळ्या दिव्यांचे फर्मान काढले, ते १९९३ पर्यंत टिकले. निळसर झोत समोरच्याच्या डोळ्यांना अधिक खुपतो. वय वाढेल तसा तर फारच. आमच्या मोटारीत मी मूळचा हॅलोजनच ठेवला आहे. चिरंजीवांना तो कंदिलासारखा वाटतो.